कव्हर घालू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी उत्तर लिहायला बसलो होतो. पहिल्या पानावर नुसता रागच उतरला, म्हणून ते फाडलं. हे दुसरं. राग यातही आहे, पण जोडीला कामाचंही काही आहे.

आत्याची जुनी मोटार, ती मॉरिस मायनर, तुझ्याकडे येऊन चार महिने झाले. ती टेम्पोवर लादून आली नाही, स्वतःच्या चार चाकांवर चालत आली. सेल्फ मारला की सुरू होते. आणि तू लिहितेस, "काका, पैसे साठेपर्यंत कव्हर घालून ठेवते, मग एकदाच सगळं नीट करून घेईन."

एक जण म्हणतो, पूर्ण खोलून नव्यासारखी बांध. दुसरा म्हणतो, आतलं सगळं काढून बॅटरी आणि मोटर बसव. तिसरा म्हणतो, विकून मोकळी हो. या तिघांच्या गोंधळातून तू चौथा मार्ग काढलास, कव्हरचा. तुला तो सगळ्यांत निरुपद्रवी वाटला. चौघांत सर्वांत वाईट तोच आहे. विकलीस तरी कोणीतरी चालवेल.

चालती गाडी थांबवू नकोस. मला सांगायचं ते एवढंच. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल, पण तू वाचशील, कारण तुझ्या आत्यासारखीच तूही हट्टी आहेस.

उभ्या गाडीत काय होतं ते ऐक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. गाडी उभी असली की ते पाणी व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यात, बसून राहतं, गंज धरतो आणि पिस्टन चिकटतो. टाकीतलं पेट्रोल उडून जातं, मागे डिंकासारखा थर राहतो, तो पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, त्याच्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. बॅटरी मरते. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि जुन्या वायरीचं कापडी वेष्टण त्यांना घरट्यासाठी फार आवडतं. रबराचं प्रत्येक सील वाळतं. यातलं काहीही कव्हरवरून दिसत नाही.

आता तू म्हणशील, आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करून ठेवीन. नको! ते तर त्याहून वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन पुरतं तापलं तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत बंद केलंस तर तिचं पाणी सायलेन्सरमध्ये आणि चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. सायलेन्सर आतून सडतो, ऑइलचा चिखल होतो. ऑइलच्या झाकणाखाली कधी पिवळट साय दिसली तर समज, ही पाच मिनिटांची कमाई. पंधरा दिवसांतून एकदा का होईना, पण निदान अर्धा तास रस्त्यावर, गिअर बदलत, ब्रेक मारत, इंजिनबरोबर ऑइलही तापेपर्यंत फिरव.

तुझ्या तक्रारींकडे येतो. "ॲक्सिलरेटर दाबला की आधी गचका खाते, मग उचलते." यावर तुला कोणीतरी इंजिन खोलायला सांगितलं. अरे देवा. हिच्या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरच्या डोक्यावर एक घुमट असतो, त्याच्या टोकाला पितळी किंवा काळी टोपी. ती फिरवून काढ. टोपीखालच्या दांडीला ऑइल लागून येतं का बघ. कोरडी असेल तर पातळ इंजिन ऑइल घाल, चमचाभरही लागणार नाही. त्या ऑइलमुळे आतला पिस्टन एकदम उडत नाही, क्षणभर मिश्रण दाट राहतं आणि गाडी उचल घेते. दहापैकी निम्म्या वेळा रोग एवढाच असतो. तरी गचका राहिला तर डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बघ, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे संपर्क, त्यांची फट 0.38 मिलिमीटरच्या आसपास हवी. इंजिन खोलायचं वगैरे त्याच्या फार नंतर.

आणि पाने इंचाचे वापर. मिलिमीटरचा पाना "बसतो जवळजवळ" म्हणून लावलास की नट गोल झालाच समज.

दुसरी गोष्ट, डेंटरची. "बोनेट मधोमध उचललं गेलंय, ठोकून सरळ करून देतो" असं तो म्हणाला. त्याला हात लावू देऊ नकोस! या गाडीचा रचनाकार ॲलेक इसिगोनिस. त्याने नमुना तयार झाल्यावर तो उभा कापायला लावला, दोन भाग हलवत हलवत एकमेकांपासून चार इंच दूर केले आणि म्हणाला, आता बरोबर दिसते. उत्पादनाची तयारी तोवर पुढे गेली होती. बोनेटच्या मधली ती सपाट उंच पट्टी म्हणजे ते चार इंच. 1948 पासून लाखो गाड्यांच्या डोक्यावर ही पट्टी आहे, आणि हा गडी ती ठोकून सपाट करणार होता. गाडी न ओळखणारा माणूस असाच तिच्यातला शहाणपणा दोष म्हणून दुरुस्त करतो.

आता माझं ऐक. हे मी सहसा कुणाला सांगत नाही.

माझी हिरवी मायनर तू पाहिलीस, कोपऱ्यातली. मी घेतली तेव्हा ती चालत होती. रंग उडालेला, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला एक वाटीएवढा डाग, रंग झिजून खालचा अस्तराचा थर दिसणारा. आधीच्या मालकाने तिथे पंचवीस वर्षं कोपर टेकवलं होतं. मला तो डाग खुपायचा. दोन महिन्यांत नव्यासारखी करतो म्हणून गाडी खोलली. बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत भरले, चिठ्ठ्या लावल्या नाहीत, कारण सगळं लक्षात राहणार होतं. दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. मधल्या काळात नोकरी बदलली, घर बदललं, बरण्या दोनदा हलल्या. गाडी बांधली ती अर्धी स्मरणशक्तीने आणि अर्धी नशिबाने.

पण काय चमकली! पत्रा उघडा करून घासला, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंगाचे थर दिले, बंपरला तांबं, निकेल आणि वर क्रोम असा पुरा मुलामा चढवला. प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. आधीच्या मालकाला मुद्दाम बोलावलं होतं. म्हातारा गाडीभोवती दोनदा फिरला. छान केलीत म्हणाला. मग दारापाशी थांबला, कडेवर हात फिरवला आणि विचारलं, "हॉर्न तोच आहे का?" हॉर्नही मी बदलला होता.

त्यानंतर ती चालवायची मला भीती वाटू लागली. खडा उडेल, पाऊस येईल, कुणी घासून जाईल. ट्रेलरवरून न्यायची, ट्रेलरवरून आणायची. पाच वर्षांत शंभर किलोमीटरसुद्धा धावली नसेल. एके दिवशी फळीवरून उतरवताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढचं डावं चाक मडगार्डखाली दुमडलं. गाडी गुडघ्यावर बसली. मडगार्डला घडी, रंगाला तडे.

कारण ऐक, कारण तुझ्याही गाडीत तेच आहे. मायनरच्या पुढच्या चाकाचा पाय, म्हणजे चाक धरणारा उभा दांडा, वर-खाली ट्रनियन नावाच्या सांध्यांत फिरतो, आणि त्या सांध्याला आटे असतात. दर 1000 मैलांनी, म्हणजे साधारण 1600 किलोमीटरला, तिथे ग्रीस भरावं लागतं. गाडी जॅकवर घेऊन, चाक लोंबकळत ठेवून भरायचं, म्हणजे ग्रीस आट्यांत शिरतं. कोरडे पडले तर आटे झिजतात, आणि एक दिवस पाय खालच्या सांध्यातून सुटून येतो. माझे आटे मी खोलली तेव्हाच झिजलेले होते. बंपरवर क्रोम चढवणाऱ्या मी त्यांना फक्त काळा रंग फासला, कारण ते दिसत नाहीत. खोलण्याआधी वर्षभर चालवली असती तर चाकातली ढिलाई आणि स्टिअरिंगची कुरकुर हातालाच कळली असती. गाडी काय दुरुस्त करायचं ते स्वतः सांगते, फक्त चालताना सांगते. उभी गाडी मुकी.

म्हणून पुन्हा सांगतो, चालती गाडी थांबवू नकोस. एका वेळी एकच काम काढ. ते संपव, चालव, मग पुढचं.

हे माझं खूळ नाही, मोटारीच्या जन्मापासूनचं आहे. कार्ल बेन्झने मोटार बनवली, पण ती खरी घडवली त्याच्या बायकोने. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर. पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून परतल्यावर आणखी एक गिअर हवा असं तिने सांगितलं. कार्यशाळेत बसून यातलं काय कळलं असतं?

बॅटरी आणि मोटर बसवण्याबद्दल मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमत नाही. तुला शांत, धूरविरहित गाडी हवी असेल तर नवी घे, त्यात काही पाप नाही. हिचं 948 सीसीचं इंजिन काढून टाकलंस तर उरतो तो आत्याचा नुसता पत्रा. सुरक्षेसाठी काय बदलायचं ते बदल: सीटबेल्ट बसव, चांगले टायर घाल. दाराच्या खांबातून बाहेर येणारे दिशादर्शक हात आजच्या रहदारीत कुणाला कळत नाहीत, तेव्हा जोडीला लुकलुकणारे दिवेही लाव, पण ते हात काढू नकोस. इंधनाच्या रबरी नळ्या मात्र याच आठवड्यात बदल. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर मऊ पडून चिरतं, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. यात कंजुषी केलीस तर मी बोलणं सोडेन.

रंग? रंगाला हात लावू नकोस. गंज लागला असेल तिथे तेवढाच थांबव. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना, फीव्हा, 1966 पासून आहे. तिच्या व्याख्येत किमान 30 वर्षं वय आणि इतिहासाशी इमान राखून केलेलं जतन येतं. "नव्यासारखी" हा शब्द तिथे नाही. रोजच्या वापरात नसावी असंही ते म्हणतात. ते मला पटत नाही, पण त्यांच्याशी भांडायला या वयात कुठे जाऊ.

आता तुझा तो प्रश्न. पत्रात तू तो पुन्हा लिहिला नाहीस, सभ्य आहेस. पण त्या दिवशी माझ्या शेडमध्ये उभी राहून विचारलंस, "काका, यातल्या चालतात किती?" आणि मी चहाचा विषय काढला.

सहापैकी दोन.

मोठा उपदेश करणाऱ्याच्या चार गाड्या स्टँडवर, असं तू मनात म्हणाली असशील. पण प्रत्येकीचं कारण आहे. एकीचा क्रँकशाफ्ट घासायला काढला आहे. दुसरीचे व्हील सिलिंडर चिकटलेत. तिसरी मी घेतली नसती तर भंगारात कापली गेली असती, पत्रा कापणाऱ्या गॅस कटरची आग तिच्या मागच्या दारापर्यंत पोचली होती, हे तूही पाहिलंस. तिला उभी ठेवणं हा गुन्हा धरायचा की उपकार? साठवणारा वेगळा आणि वाचवणारा वेगळा, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय. घरच्यांना अजून पटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर व्हील सिलिंडरवाली गाडी मी घेतली तेव्हा चालत होती. तिच्यावर कव्हर मीच घातलं होतं. पैसे साठेपर्यंत.

चौथी ती हिरवी. मडगार्डची घडी अजून तशीच आहे. नवे ट्रनियन मागच्या वर्षी आणले, खोक्यातून काढलेले नाहीत.

या रविवारी ये. ग्रीस गन माझी घे, तुझ्या गाडीचे ट्रनियन तू भर, मी उभा राहून सांगेन. मग ते खोकं उघडू. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी सोय, नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस, दात कुरकुरतात. सेल्फ अडला तर हँडल डिकीत आहे. मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, विळखा घालू नकोस, नाहीतर उलटा झटका बसून मोडेल.

आणि येशील ती याच गाडीने. बसने आलीस तर शेडचं दार उघडणार नाही.

तुझा,
काका