फुगा फुगला आणि वजन 1 ग्रॅम घटलं

भाऊ, तुमच्या मुलीचा प्रयोग चुकलेला नाही. बाटलीत लिंबाचा रस, फुग्यात खायचा सोडा. सोडा रसात पाडला, फुगा फुगला, कुठंच गळती नाही, तरी सोनाराच्या काट्यावर 1 ग्रॅम कमी. मग वस्तुमान कायम राहतं ते कसं, हा तिचा प्रश्न. आणि चुलीत भाराभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, जाळली तर राख ओंजळभर, हा दुसरा.

यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर 26 वर्षं विज्ञान शिकवलं. हा 1 ग्रॅम माझ्याही वर्गात हरवला होता. 'गॅस निघून गेला असेल' असं मी पोरांना सांगितलं, आणि ते चूक होतं. त्याची रुखरुख अजून आहे.

विहिरीतून पाणी शेंदताना बादली पाण्यात आहे तोवर हलकी लागते, वर आली की हाताला ओढ बसते. हवाही वस्तूला तशीच उचलून धरते, पण अगदी थोडी. 1 लिटर हवेचं वजन साधारण 1.2 ग्रॅम. फुगा फुगला की आपल्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो आणि काटा त्या हवेच्या वजनाएवढं कमी दाखवतो. आतलं वस्तुमान होतं तेवढंच आहे.

म्हणून फुगता न येणारं भांडं घ्या. कोल्ड्रिंकची 1 लिटरची बाटली, तळाशी दोन-तीन चमचे रस. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या कुपीत पाव चमचा सोडा भरून ती बाटलीत उभी सोडा. झाकण घट्ट लावून वजन करा, मग बाटली आडवी करा. फेस येईल, बाटली कडक होईल, काटा तिथंच राहील. झाकण ढिलं करा : सुस्स आवाज आणि काटा खाली. सोडा मात्र जास्त घालू नका, बाटली फुटेल.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं 1774 मध्ये हेच दाखवलं. बंद काचपात्रात कथील तापवलं, वजन बदललं नाही. पात्र उघडलं तेव्हा हवा आत शिरली आणि वजन वाढलं.

आता पऱ्हाटी. वाळलेल्या काडीत जवळपास निम्मा कार्बन. 12 ग्रॅम कार्बन हवेतला 32 ग्रॅम ऑक्सिजन घेऊन 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे 1 किलो काडी पूर्ण जळली तर पावणेदोन किलोच्या आसपास हा वायू, वर अर्धा किलो वाफ. जाळलं त्याच्या दुपटीहून जास्त वर गेलं! राखेकडेच पाहिलं तर हे कळत नाही. उन्हात वाळवलेला कापूस वजनाला घटतो तेव्हा तर नुसतं पाणी हवेत गेलेलं असतं, नवं काही बनत नाही.

तिचा फुगा अजून फुगलेला असेल तर काठोकाठ भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवायला सांगा. सांडलेलं पाणी परातीत धरून लिटरच्या मापानं मोजा. पाऊण-एक लिटर भरलं, तर तिचा 1 ग्रॅम सापडला.