एकापेक्षा जास्त ऑनलाइन ओळखी ठेवाव्यात का? फायदे काय, धोके काय?

"लपवायला काही नसेल तर दुसरं खातं कशाला?" हे तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय, म्हणून लिहायला बसले. जवळपास याच शब्दांत माझे थोरले दीर कित्येक वर्षं मला ऐकवत आलेत.

मला मिरगी आहे. गोळ्या वेळेवर घेते, फिट येऊन बराच काळ लोटलाय. घरच्यांना माहीत आहे. ऑफिसात सांगितलं नव्हतं, कारण मी संगणकासमोर बसून हिशेब तपासते, विमान चालवत नाही. या आजाराबद्दल मी दुसऱ्या नावाने लिहायचे. नुकतंच निदान झालेल्या मुली विचारायच्या: लग्न ठरताना कधी सांगायचं, गोळ्या चालू असताना मूल होऊ द्यायचं का. (उत्तर डॉक्टरच देणार, पण डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते मी लिहून द्यायचे.) खऱ्या नावाने मी यातलं अक्षरही लिहिलं नसतं आणि त्यांनीही विचारलं नसतं. तुम्ही फायदा विचारलात ना, तो हा. बाकीचे फायदे मला किरकोळ वाटतात.

मग त्या ॲपने "खात्याच्या सुरक्षेसाठी" मोबाइल नंबर मागितला. दिल्याशिवाय पुढे जाऊच देईना. थोड्याच दिवसांत ऑफिसमधल्या एकाच्या फोनवर "तुमच्या ओळखीचे असू शकतील" या यादीत माझं ते खातं झळकलं, कारण माझा नंबर त्याच्याकडे होता. नाव वेगळं, फोटो झाडाचा. पण त्याने चार उत्तरं वाचली आणि मला ओळखलं. मी मेलमध्येही "आता मुद्द्याचं" म्हणून सुरुवात करते म्हणे. पुढे माझ्याकडचं मोठं काम दुसऱ्याकडे गेलं, "तुला दगदग नको" म्हणून. मला विचारलं कुणी होतं?

भाऊजींचा निवाडा तयारच होता: "एकच नाव ठेवलं असतंस तर ही वेळ आली नसती." अहो, एकच नाव असतं तर ही वेळ पहिल्याच दिवशी आली असती! मधली सगळी वर्षं निर्धास्त गेली ती दुसऱ्या नावामुळेच. बिंग फुटलं ते नंबरामुळे. आणि हे काही माझ्या एकटीच्या नशिबी आलेलं नाही. सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले नंबर जाहिरातींसाठी वापरले म्हणून ट्विटरला 2022 मध्ये अमेरिकेत 15 कोटी डॉलर दंड भरावा लागला.

भाऊजींचा दुसरा आवडता मुद्दा असा, की खऱ्या नावाने बोलायला लावलं की लोक सभ्य होतात. दक्षिण कोरियाने हे करून पाहिलंय. 2007 पासून तिथे मोठ्या साइटवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं होतं. 2011 मध्ये एकाच फटक्यात साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली आणि 2012 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने तो नियमच रद्द केला. बेकायदा मजकूर म्हणावा तसा कमी झाल्याचं न्यायालयालाही दिसलं नव्हतं. आणि गडकरी म्हटलं की ज्यांचा ऊर भरून येतो, त्या भाऊजींनी हेही सांगावं: नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून, हा दुतोंडीपणा का नाही?

धोका मात्र खरा आहे. दोन नावांमध्ये एक दुवा राहिला तरी पुरे. 'सिल्क रोड' हा अमली पदार्थांचा छुपा बाजार चालवणारा रॉस उल्ब्रिख्त 2013 मध्ये पकडला गेला. ज्या टोपणनावाने त्याने सुरुवातीला बाजाराची जाहिरात केली, त्याच टोपणनावाने पुढे माणसं शोधताना स्वतःच्या नावाचा ईमेल देऊन बसला होता. तो गुन्हेगार, मी नाही, पण दुवा शोधायची रीत तीच. म्हणून दुसऱ्या खात्याला वेगळा ईमेल घ्या, ॲपला संपर्कयादी दाखवू नका, लॉगिनचा कोड एसएमएसवर मागवण्याऐवजी तो फोनवरच तयार करणारं ॲप वापरा, एकीकडचा फोटो दुसरीकडे टाकू नका. लिहिण्याची लकब बदलणं सगळ्यात अवघड. मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या नावाआडून शिवीगाळ करणाऱ्यांची किंवा स्वतःच्याच धंद्याची वाहवा लिहिणाऱ्यांची मी वकिली करत नाहीये, हे सांगायचं राहिलं. टोपणनावामुळे तुम्ही पोलिसांपासूनही लपत नाही. तुमचा आयपी पत्ता (तुमचं इंटरनेट कनेक्शन ओळखणारा क्रमांक) कंपनीकडे असतो आणि कायद्याने मागितला तर ती देते. आणि फार खाती काढू नका. दोन सांभाळता येतात. विसरलेल्या खात्याचा ईमेल बंद पडून तोच पत्ता दुसऱ्या कुणाला मिळाला, तर पासवर्ड बदलून तो तुमच्या नावाने काय वाटेल ते लिहील. तेव्हा नको असलेलं खातं आपलं लेखन उतरवून घेऊन रीतसर बंद करा. मी माझं केलेलं नाही. नंबर काढून टाकलाय, लिहिणं चालू आहे.