वाचकांचे प्रश्न : सेन्सर नवा, कोड मात्र जुनाच

प्रश्न : माझ्या पेट्रोल कारचा चेक इंजिन दिवा लागला आणि स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आला. मेकॅनिकने पुढचा ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला. नव्या सेन्सरला कनेक्टर नव्हता, म्हणून जुन्याचा कापून वायरी जोडल्या. थोड्याच दिवसांत तोच कोड परत आला. जुन्या सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये मल्टिमीटरने ६.२ ओहम भरले. आता ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, बदलावा लागेल, असे मेकॅनिक म्हणतो. ते खरे आहे का? तोवर गाडी चालवावी का?

उत्तर : ईसीयूला तूर्त हात लावू देऊ नका. पी ०१३५ हा कोड सेन्सरला लवकर तापवणाऱ्या, त्याच्या आतल्या हीटरच्या संपूर्ण सर्किटबद्दल तक्रार करतो. त्यात फ्यूज, रिले, वायरी आणि कनेक्टर हे सगळे येते, सेन्सर हा त्यातला केवळ एक भाग. चार वायरींच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन वायरी बहुधा हीटरच्या असतात आणि थंड असताना त्यांच्यात काही ओहमच रोध असतो. हीटर तुटलेला असता तर मीटरने अनंत रोध दाखवला असता. म्हणजे आपण मोजलेल्या आकड्यावरून जुना सेन्सर बहुधा निर्दोषच होता.

मला अधिक संशय येतो तो आपण ओघात लिहून गेलात त्या जोडाचा. वायरींचे रंग प्रत्येक उत्पादकाचे सारखे नसतात, त्यामुळे रंगाला रंग जोडला की हीटरची वायर सिग्नलला जाऊ शकते. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या पिनांवर, म्हणजे जोडासकट, रोध मोजावा. हीटरच्या पिनांमध्ये काही ओहम आणि त्यांपैकी कोणत्याही पिनेपासून सेन्सरच्या धातूच्या अंगापर्यंत अनंत रोध मिळायला हवा. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतात, त्यामुळे जोडावर ग्रीस किंवा क्लीनर वापरू नये.

हे ठीक निघाल्यास गाडीच्या बाजूकडे वळावे. हीटरच्या एका पिनेवर फ्यूज आणि रिलेमार्गे १२ व्होल्ट येतात, तर दुसरी पिन ईसीयू आतून अर्थ करतो, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडतो. काही गाड्यांत हा पुरवठा इंजिन सुरू झाल्यावरच मिळतो, हे लक्षात ठेवावे. इथे मल्टिमीटर फसवतो : त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे एकाच तंतूवर तग धरून असलेली गंजकी वायरसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवते. आपल्या हीटरला थंड असताना सुमारे २ अँपिअर लागतात, म्हणून तितकाच भार टाकणारा २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब हेच इथले खरे साधन. आधी कोड पुसावा, कारण काही ईसीयू दोष नोंदला की हीटर बंदच ठेवतात. मग गाडीकडील कनेक्टरच्या हीटरच्या दोन पिनांमध्ये बल्ब लावून थंड इंजिन सुरू करावे. बल्ब उजळला, थोडा लुकलुकत का होईना, तर वायरिंग ठीक आहे. उजळला नाही, तर त्याचे एक टोक पुरवठ्याच्या पिनेवर ठेवून दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. आता उजळल्यास दोष अर्थच्या बाजूला, नाहीतर पुरवठ्यात. पुरवठ्यात असल्यास आधी फ्यूज आणि रिले पाहावा. अर्थच्या बाजूला असल्यास बॅटरी सोडवून ईसीयूपर्यंतची वायर अखंड आहे का ते तपासावे. एक्झॉस्टच्या तापल्या नळीला टेकून आवरण वितळलेले सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. ही वायर निर्दोष ठरली, तरच ईसीयूवर संशय घ्यावा.

गाडी चालवण्यात तातडीचा धोका नाही. सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे नीट काम करतो आणि हीटर नसला तरी धूर त्याला उशिरा का होईना तापवतो. त्यामुळेच गरम इंजिनावर स्कॅनरचा आलेख सुरळीत दिसतो, पण त्यावरून हीटर चांगला आहे असे ठरत नाही. दरम्यान ईसीयू अंदाजाने इंधन देतो, म्हणून छोट्या फेऱ्यांत पेट्रोल जास्त जाते आणि फार काळ तसेच राहिल्यास धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही त्रास होतो. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टनंतर काही वेळ चालवून मगच स्कॅनर लावावा.