दोन घरांची एक चिमणी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे चार वर्षांपूर्वी जुने सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका भिंतीने शेजारच्या घराला जोडलेले, घर घेतले. छपरावरची विटांची चिमणी आमची आणि शेजारच्या आजींची सामायिक आहे. आमची शेकोटी आधीच्या मालकाने बुजवून टाकली आहे; आजी मात्र हिवाळ्यात रोज संध्याकाळी लाकडे पेटवतात. यंदा आमच्या वरच्या शयनगृहात धुराचा वास येऊ लागला, चिमणीलगतच्या भिंतीवर तपकिरी ओल उमटली आणि चिमणीच्या माथ्यावरचा गिलावा फुटल्याचे छपराच्या कारागिराने फोटो काढून दाखवले. तो म्हणतो, "तुमचा अर्धा भाग करून देतो." आजी म्हणतात, "माझ्याकडे काहीच बिघडलेले नाही." खर्च कोणी करायचा?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : खर्चाचे नंतर पाहू. ज्या खोलीत आपण झोपता तिथे धूर येत असेल, तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येत असण्याची शक्यता आहे, आणि त्या वायूला स्वतःचा रंग किंवा वास नसतो. धुराचा वास आला म्हणून निदान आपल्याला कळले तरी. आजच त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा आणि तपासणी होईपर्यंत शेकोटी पेटवू नये, अशी आजींना विनंती करावी. हे सांगताना पैशांचा विषय काढू नये. घरात एकाहून अधिक जणांचे डोके दुखत असेल, मळमळत असेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर विलंब न लावता घराबाहेर पडून वैद्यकीय मदत घ्यावी.

आता चिमणीची रचना पाहू. (आपल्याकडे चिमणी म्हटले की पाखरू, रॉकेलचा दिवा किंवा गॅसच्या शेगडीवरचे यंत्र आठवते, हे प्रकरण त्याहून बरेच अवजड आहे.) बाहेरून एकच दिसणाऱ्या विटांच्या खांबात प्रत्येक शेकोटीची धूर नेणारी नळी, म्हणजे फ्लू, सहसा स्वतंत्र असते आणि दोन फ्लूंमध्ये जेमतेम चार इंच जाडीची विटांची आडभिंत असते. धुरातले आम्ल आणि डांबर वर्षानुवर्षे त्या भिंतीतला चुना खात राहतात, सांधे मोकळे होतात आणि आजींचा धूर आपल्या बंद फ्लूमध्ये शिरून आपल्या खोलीत उतरतो. असेच घडत आहे का, हे धूर-चाचणीने कळते. फ्लूमध्ये मुद्दाम धूर सोडून तो दोन्ही घरांत कुठून बाहेर पडतो ते पाहतात. 'हेटास' या, लाकूड-कोळशाच्या शेकोट्यांचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे नोंद असलेल्या तंत्रज्ञाला बोलवावे आणि त्या वेळी आजींनाही हजर राहण्यास सांगावे, कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या धुरावर पुढे वाद होत नाही.

आपल्या तिन्ही तक्रारींचा मालक एकच नाही, असे माझे मत आहे. ओलीचे पाणी फुटलेल्या माथ्यातूनही येत असेल. पण बुजवलेल्या फ्लूला खाली जाळी आणि वर हवा खेळती ठेवणारे टोपण नसेल, तर आतल्या आत दव साचून जुन्या काजळीचे डाग गिलाव्यातून बाहेर येतात, आणि तसे असेल तर तो खर्च केवळ आपला आहे. आजींच्या फ्लूमध्ये वरपासून खालपर्यंत स्टेनलेस स्टीलचे अस्तर घालावे लागले, तर त्याचा उपयोग त्यांच्याच शेकोटीला असल्याने मुख्य भार त्यांनी उचलणे रास्त. माथा मात्र दोघांचा. तिथे फ्लूंच्या तोंडावरच्या सगळ्या कुंड्या (मातीच्या नळ्या) मॉर्टरच्या एकाच थरात बसवलेल्या असतात. तो अर्धा फोडून अर्धा नवा केला, तर पहिल्या कडाक्याच्या थंडीत जोडावरच भेग पडते. त्या कारागिराला नम्रपणे नकार द्यावा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सामायिक बांधकामाला १९९६ चा 'पार्टी वॉल' (सामायिक भिंत) कायदा लागू होतो. नादुरुस्त सामायिक भाग दुरुस्त करण्याचा अधिकार तो आपल्याला देतो, मात्र त्यासाठी कामाच्या किमान दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. आजींनी लेखी संमती दिल्यास लवकरही सुरुवात करता येते. १४ दिवसांत उत्तर आले नाही, तर वाद निर्माण झाला असे कायदा मानतो आणि सर्व्हेअर (असे वाद सोडवणारे बांधकाम-तज्ज्ञ) नेमून त्यांच्याकडून निवाडा घ्यावा लागतो. नादुरुस्तीमुळे करावयाच्या कामाचा खर्च दोघांनी त्या भागाचा किती वापर केला आणि बिघाडाला कोण किती जबाबदार आहे, हे पाहून वाटला जातो. निम्मे-निम्मे हा कायद्याचा नियम नाही, तरी माथ्याच्या बाबतीत मला तोच सोपा वाटतो. सर्व्हेअरची फी दुरुस्तीच्या बिलाशी स्पर्धा करू लागते, म्हणून तिथवर जाण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये.

आजींकडे नोटीस टपालाने पाठवण्याआधी चहाच्या वेळी फोटो घेऊन जावे. दोन घरांसाठी परांची एकदाच बांधली, तर दोघांचेही पैसे वाचतात, हा मुद्दा त्यांना कलमांपेक्षा लवकर पटेल. दोन कारागिरांची लेखी अंदाजपत्रके घ्यावीत आणि माथा, अस्तर व ओल यांचे आकडे त्यांत वेगवेगळे लिहून मागावेत. चिमणीत पक्ष्यांचे चालू घरटे असेल तर १९८१ च्या वन्यजीव कायद्यामुळे ते हलवता येत नाही. पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे लागेल. अस्तराचे काम झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र आजींनी जपून ठेवावे आणि त्याची एक प्रत आपणही मागून घ्यावी, कारण घर विकताना खरेदीदाराचा वकील ती विचारू शकतो.