पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढला, आता ताप आलाय, डेंग्यू असेल का? कुठं दाखवू?

डेंग्यू असू शकतो, पण चिखलात उभं राहून काम केलंय म्हटल्यावर आधी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्या-चिखलातनं होणारा ताप) विचार करा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता "पुराच्या पाण्यात होतो" हे स्वतःहून सांगा. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतले जंतू त्या पाण्यात असतात, पायाच्या भेगेतनं नाहीतर एखाद्या बारीक खरचट्यातनं आत जातात, आणि ताप चढतो साधारण 5 ते 14 दिवसांनी, तोवर घर धुऊन झालेलं असतं, त्यामुळं कुणाच्या डोक्यातच येत नाही. डोळे लालभडक आणि पोटऱ्या अशा ठणकतात की हात लावू देत नाही, असं असेल तर आजच जा. सुरुवातीला डॉक्सीसायक्लीनसारख्या स्वस्त गोळ्यांवर भागतं, अंगावर काढलं तर किडनी, लिव्हरवर जातं.

शिरोळ, कुरुंदवाडकडं असाल तर जवळचं पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), कोल्हापूर शहरात असाल तर महापालिकेचा दवाखाना. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली तर मात्र सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल, गाडी नसेल तर 108 लावा.

आणि प्लीज, मेडिकलमधनं ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन आणून खाऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढतो, रिपोर्ट येईपर्यंत पॅरासिटामॉलच बरी. घरातले बाकीचे अजून चिखल काढत असतील तर त्यांना गमबूट घालायला लावा, आणि आशाताईंना विचारा, पुरानंतर प्रतिबंधाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.