मेट्रोच्या चौकातलं नाव

प्रश्न : ताई, माझं ऑफिस धोबी तलावाला आहे. मेट्रो सिनेमासमोरच्या चौकाला वासुदेव बळवंत फडक्यांचं नाव आहे, पण तोंडी सगळे नुसतं 'मेट्रो'च म्हणतात. परवा सातवीतल्या लेकीला घेऊन गेले होते. पाटी वाचून ती म्हणाली, "आई, हे तेच ना, ज्यांना आई आजारी असताना साहेबानं रजा दिली नाही?" शाळेत एवढंच सांगितलंय. आणि मग विचारते, "रजा मिळाली असती तर त्यांनी बंड केलंच नसतं का?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या लेकीनं बरोबर जागी बोट ठेवलंय. रजेची गोष्ट खरी आहे. पण शाळेत ती जिथे संपवतात, तिथून पुढे फडके सुरू होतात.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. शिक्षण कल्याण, पुणे, मुंबई असं जमेल तसं झालं आणि नोकरी मुंबईतच लागली. आधी जीआयपी रेल्वेत, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेत. (बोरीबंदरची आजची इमारत तेव्हा नव्हती, तिचं काम १८७८मध्ये सुरू झालं.) मग भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि त्यानंतर लष्कराच्या हिशेब खात्यात. १८६५च्या सुमारास या खात्यानं त्यांची बदली पुण्याला केली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच कचेरीतला माणूस. रकाने भरायचे, बेरजा ताडून बघायच्या, साहेबाच्या सहीसाठी थांबायचं.

१८७० साली शिरढोणहून निरोप आला की आई, सरस्वतीबाई, अत्यवस्थ आहेत. त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा वेळेत मिळाली नाही. घरी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी रजा मागितली, तीही नाकारली.

इथे थोडं माझं सांगते. फोर्टातल्या एका कचेरीत मी ३३ वर्षं हिशेब शाखेत काढली. मार्चअखेर होती, बिलं कोषागारात जायची होती, आणि चिपळूणहून भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही. मी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळी तो परत आला, कोपऱ्यात हिरव्या शाईत दोन शब्द : 'चर्चा करावी'. साहेब तोवर निघून गेले होते. चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. रात्रीची एसटी पकडून पहाटे पोचले, तर अंगणात बांबू आणून टाकलेले होते. तेरावं झाल्यावर परत आले, मस्टरवर सही केली आणि राहिलेली बिलं पुरी केली. तो हिरवा शेरा मला आजही दिसतो. म्हणून फडक्यांच्या पोटात काय कालवलं असेल ते मला कुणी सांगायला नको. पण तेवढ्यावर माणूस घरदार सोडून डोंगरात जात नाही, हेही मला माहीत आहे.

फडकेही लगेच गेले नाहीत. १८७१ ते १८७९, मध्ये आठ वर्षं आहेत. शाळेत नेमकी हीच आठ वर्षं गाळतात आणि खरा माणूस त्यातच घडला. १८७२-७३मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात व्यापारावर आणि स्वदेशीवर व्याख्यानं दिली. इथला पैसा कसा बाहेर जातो, याचा हिशेब त्यांत होता आणि फडके तर हिशेबाचाच माणूस. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांनी शाळा काढली. आजची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी त्यातूनच वाढलेली. दत्ताची उपासना चालू होती, लहुजी वस्ताद साळव्यांकडे दांडपट्टाही चालू होता. पहिली पत्नी वारल्यावर लग्न झालं ते गोपिकाबाईंशी, त्यांना लिहावाचायला शिकवलं. हे सगळं कचेरी सांभाळून.

मग १८७६ला पावसानं दगा दिला. दख्खनचा तो दुष्काळ १८७८पर्यंत चालला. दुष्काळी कामांवरचा खर्च आटोक्यात ठेवायला सरकारनं सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. त्यांनी ठरवलेली मजुरी त्यांच्याच नावानं ओळखली जाते : खडी फोडायला आलेल्या बाप्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. वाचून अंदाज येईना, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढी ज्वारी तोलली, घरघंटीवर दळली आणि भाकऱ्या थापल्या. पाच झाल्या. पाचवी तळहाताएवढीच. त्या पाच भाकऱ्या ताटात मांडून मी बराच वेळ बघत बसले. वरच्या आण्यात मीठ, मिरची, सरपण आणि घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं काय ते बघायचं, आणि उद्या परत उन्हात खडी फोडायला उभं राहायचं. जानेवारी १८७७मध्ये हजारो मजूर हे माप नाकारून कामावरून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले.

आता फडक्यांचं टेबल डोळ्यांपुढे आणा. लष्कराला पुरवलेल्या शिध्याचे आकडे कागदावर, आणि बाहेर पौंडभर ज्वारीवर जगणारी माणसं. दुष्काळी मुलखात ते स्वतः फिरून आले, गावं उठलेली बघून आले. रजेच्या वेळी जे एका साहेबाचं वागणं वाटलं असेल, ते एका साहेबाचं नसून सगळ्या राज्याचं आहे, हे त्यांना इथे दिसलं असं मला वाटतं. लेकीला सांगा, रजा मिळाली असती तर त्यांना आईचा चेहरा शेवटचा बघता आला असता. दुष्काळ तरीही पडलाच असता आणि माप तेच राहिलं असतं.

प्रश्न : आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, फडके रामोशांची टोळी जमवून सावकारांची घरं लुटत, सरकारी कागदांत दरोडेखोर असंच लिहिलंय, मग आद्य क्रांतिकारक कसे? मला राग आला, पण मुद्दा सुचला नाही.
— एक निवृत्त वाचक, मुलुंड

उत्तर : मित्राशी भांडू नका, त्यांची पहिली ओळ खरी आहे. फेब्रुवारी १८७९मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला, तो फडक्यांनीच घातला. पुढेही घातले. पैसा हवा होता, आणि तो माणसांना पगार देण्यासाठी, हत्यारांसाठी हवा होता. आधी ते पुण्यातल्या शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी लोकांकडे गेले होते. तिथून काही मिळालं नाही. उभे राहिले ते रामोशी, कोळी, धनगर. रामोशी म्हणजे पूर्वी गडांची, गावांची राखण करणारे लोक. राज्य गेलं तशी त्यांची भाकरीही गेली. आणि सावकारच का, हे समजायला चार वर्षं मागे जा : मे १८७५मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले होते. तो राग मुलखात होताच.

पण दरोडेखोर गव्हर्नरला जाहीरनामा पाठवत नाही. फडक्यांनी मे १८७९मध्ये पाठवला. रयतेला काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अंमलदारांचे भलेथोरले पगार कापा, नाहीतर याद राखा, असा त्याचा मजकूर होता, आणि गव्हर्नर टेंपल यांच्या डोक्यावर त्यांनी उलट बक्षीस लावलं होतं. तेच टेंपल, पौंडभर धान्याचे. सरकारलाही अर्थ बरोबर कळला होता, म्हणून खटला नुसत्या दरोड्याचा चालवला नाही, राणीच्या सरकारविरुद्ध लढाई उभारल्याचा चालवला. रानड्यांवरही संशय घेतला आणि त्यांची धुळ्याला बदली केली.

कोर्टात पुरावा म्हणून आलं ते फडक्यांचंच हस्ताक्षर. श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले असताना त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. ते आणि रोजनिशी, दोन्ही सरकारच्या हाती लागलं. त्यात त्यांनी आपल्या माणसांबद्दल कडवट लिहिलंय, लुटीवरच यांचा डोळा, अशा अर्थाचं. मी फडक्यांना मानते, पण हे मला पूर्ण पटत नाही. दुष्काळातून उठून आलेल्या माणसाला लूट दिसणारच, त्याच्या घरी चूल थंड होती. आणि त्याच माणसांतले दौलतराव नाईक शेवटपर्यंत लढले. मे १८७९मध्ये ते कोकणात उतरले, पनवेलजवळ पळस्पे आणि आसपास छापे घातले. घाटावर परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीनं त्यांना गाठलं आणि गोळी घातली. फडक्यांचा उजवा हात गेला तो तिथे. त्यानंतर फडके निजामाच्या मुलखात रोहिल्यांची, म्हणजे पठाण शिपायांची, फौज उभी करायच्या खटपटीत होते. २० जुलै १८७९च्या रात्री विजापूरकडच्या देवर नावदगी गावी, तापानं फणफणलेले, झोपेत असताना डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडलं.

वकील कोण उभे राहिले? महादेव चिमणाजी आपटे आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. दुष्काळात मजुरांची बाजू मांडणाऱ्या सार्वजनिक सभेचे तेच. उघड सोबत द्यायला पुणं कचरलं खरं, पण या माणसानं वकीलपत्र घेतलं. हे तुमच्या गटात आवर्जून सांगा.

प्रश्न : जन्मठेपेचे कैदी अंदमानला जात. फडक्यांना एडनला का पाठवलं?
— एक विद्यार्थी, परळ

उत्तर : एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होतं. इंग्रजांनी १८३९ला ते घेतलं आणि तिथला कारभार मुंबईहून चालवला. नकाशावर ते अरबस्तानच्या टोकाला दिसतं, पण कागदोपत्री फडके मुंबई इलाख्याच्या बाहेर गेलेच नाहीत. जानेवारी १८८०मध्ये बोटीनं त्यांना तिकडे नेलं.

तिथल्या कोठडीचं दार त्यांनी बिजागरीतून उपसून काढलं आणि पळाले. पण जाणार कुठे? अंगाचा रंग निराळा, मुलूख उजाड, बोली येत नाही, वाटेत पाणी नाही. लगेच सापडले. नंतर अन्न टाकलं, क्षयानं खंगले आणि १७ फेब्रुवारी १८८३ला गेले. वय ३७. घरचं कुणी जवळ नव्हतं.

प्रश्न : (पुन्हा डोंबिवलीच्या वाचक. दोन प्रश्न पाठवले होते.) लेकीला एका रविवारी कुठे घेऊन जाता येईल?

उत्तर : शिरढोणला. पनवेलपर्यंत लोकल, पुढे पेणकडे जाणारी एसटी किंवा रिक्षा. गाव मुंबई-गोवा रस्त्यालाच आहे. त्यांचं घर बघा आणि मग बाहेर येऊन कर्नाळ्याकडे तोंड करून उभ्या राहा. अंगठ्यासारखा सुळका दिसेल. फडक्यांचे आजोबा अनंतराव त्या गडाचे किल्लेदार होते, १८१८ला तो इंग्रजांनी घेतला. हे ऐकत ते मूल वाढलं. मुलीला चढवत असेल तर वरपर्यंत जा, पाण्याच्या बाटल्या मात्र खालून भरून न्या.

जाताना वाटेत पळस्पे फाटा लागेल. कोकणात जाणारे आपण सगळे तिथे चहा-वड्याला थांबतो आणि पुढे जातो. तुम्ही थांबलात की मुलीला दौलतराव नाईकांचं नाव सांगा. फडक्यांचं तिनं मेट्रोच्या पाटीवर वाचलंय. दौलतरावांचं तुम्हालाच सांगावं लागेल.