खाकीत राख नाही, माती आहे

हिंगोलीच्या एका वाचकाने विचारलंय: लष्कराच्या चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्याला 'खाकी' म्हणायचं का? नाही, तर मराठीत काय म्हणायचं?

खाकी मुळीच म्हणू नका. लष्कराच्या जवानांना 'खाकी वर्दीतले वीर' म्हणताना ऐकून कान किटले. खाकी पोलिसांची. भूदल स्वातंत्र्यानंतर ऑलिव्ह ग्रीनवर गेलं, आणि 15 जानेवारी 2022 ला सेनादिनी दिसलेला लढाऊ गणवेश तर बारीक चौकटींच्या छापाचा आहे.

आता शब्दाकडे. खाकी म्हणजे राखेच्या रंगाची, असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. 'जळून खाक'वरून त्यांनी हे काढलं आणि तिथेच ते फसले. फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. राख हा अर्थ मागाहून चिकटला. पुरावा आपल्याच तोंडी आहे: 'तुला काय खाक कळतंय' आणि 'तुला काय माती कळतंय'. दोन्ही एकाच अर्थाने, एकाच रागात. तिथे 'राख' घालून बघा, वाक्य पडतं. निजामाच्या राज्यात दख्खनी उर्दू आणि मराठी एकाच ओसरीवर नांदल्या, त्यातून ही जोडी जमली असं माझं ठाम मत आहे.

हॅरी लम्सडेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1846 मध्ये पेशावरला गाइड्स पथक उभारलं आणि त्याला मातकट कपडे दिले, ते तिकडच्या फिकट धुळीत मिसळावेत म्हणून. आपल्या काळ्या रानात नांगरटीनंतर तीच खाकी घालून उभे राहा, बांधावरून माणूस लगेच ओळखू येतो. खाकसुद्धा मुलखामुलखाची वेगळी!

शिवाय एकरंगी कापड रंग लपवतं, आकार नाही. खांद्याची, पाठीची कड तशीच दिसते. चट्टे ती कड मोडतात. असं छापील कापड इटलीने 1929 मध्ये काढलं, तेही तंबूसाठी. चट्टे फार बारीक असले की लांबून मिसळून एकच रंग होतो. नुसतेच मोठे असले की जवळून उघडे पडतात. म्हणून मोठ्या चट्ट्यात बारीक छाप घालतात. असे कपडे चमक आणणाऱ्या पावडरीत धुऊ नयेत, ती द्रव्यं धाग्यावर बसतात आणि कापड संध्याकाळी उठून दिसतं. कडक इस्त्रीही नको. घडीची सरळ रेघ रानात कुठेच नसते.

कॅमोफ्लाजसाठीचं 'छलावरण' हिंदीतून आलंय, जिभेवर बसत नाही. ठिपक्याठिपक्यांच्या बैलाला आपण कबरा म्हणतोच. कबरा गणवेश म्हणा.